ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) मिनिटांचा हिशेब: पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यातील शस्त्रक्रियांच्या दरांचे एक प्रकरण

संध्याकाळची ओपीडी संपत आली असताना नऊ वर्षांची एक लॅब्रॅडॉर कुत्री दवाखान्यात आणली गेली. तीन दिवसांपासून तिने अन्नाला तोंड लावले नव्हते, पाणी मात्र ती सारखी पीत होती, आणि दीड महिन्यापूर्वी ती माजावर येऊन गेल्याचे मालकांनी सांगितले. सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेले स्पष्ट दिसले. पायोमेट्राचे हे नेहमीचे चित्र आहे, आणि अशा अवस्थेत सलाईन व प्रतिजैविके देऊन प्रकृती थोडी सावरली की गर्भाशय काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय असतो. मालकांनी एवढेच विचारले, "मॅडम, एकूण किती होतील तेवढं सांगा, मी भावाला फोन करतो." डॉक्टर मॅडमनी क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "नऊ हजारांपर्यंत धरा." शस्त्रक्रिया चांगली झाली, कुत्री तिसऱ्या दिवशी घरी गेली, आणि घरी सोडताना "काही तरी कमी करा" या विनंतीवरून बिल साडेसात हजारांवर आले.

या एका शस्त्रक्रियेत दवाखान्याचे सहा हजारांहून अधिक रुपये गेले, आणि ते गेल्याचे दवाखान्यात कोणालाही कळले नाही. कसे गेले, का कळले नाही आणि त्यानंतर दर कोणत्या रीतीने नव्याने बांधले, हे या प्रकरणात सविस्तर मांडले आहे. यातील दवाखाना हा नाशिक, सांगली, कोल्हापूर यांसारख्या शहरांतील दोन डॉक्टरांच्या दवाखान्याचा एक नमुना आहे, आणि रुपयांचे आकडे हिशेबाची रीत उलगडावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपापल्या वहीतील आकडे घालून पाहावेत.

जुने दर कुठून आले

मुख्य डॉक्टर म्हणजे याच मॅडम, त्यांच्या हाताखालील एक तरुण डॉक्टर, भूल देताना मदत करणारा एक प्रशिक्षित सहायक, दोन मदतनीस आणि काउंटरवर एक मुलगी एवढी या दवाखान्याची माणसे. शस्त्रक्रिया आठवड्यातून चार दिवस सकाळी दहा ते दोन या वेळेत होत. मादी कुत्रीच्या नसबंदीला, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या स्पेला, ६,००० रुपये, बोक्याच्या कॅस्ट्रेशनला, म्हणजे नराच्या नसबंदीला, ३,००० रुपये आणि पायोमेट्राला "स्पेच्या दीडपट" म्हणून ९,००० रुपये असा दर होता. हे दर कसे ठरले असे विचारल्यावर मिळालेले उत्तर बहुतेक दवाखान्यांत मिळते तेच होते: शेजारच्या दोन दवाखान्यांत काय घेतात ते पाहिले आणि त्याच्या आसपास आपला आकडा ठेवला.

याच्याही मागे एक कारण आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्यापैकी अनेक जण परळ, शिरवळ किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. शस्त्रक्रियेचा पहिला अनुभव महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेतला, जिथे जनावराच्या मालकाकडून नाममात्र शुल्क घेतले जाई. तिथे अध्यापकांचा पगार, इमारत, वीज आणि यंत्रे यांचा खर्च सरकार उचलते, त्यामुळे केसपेपरवरच्या रकमेत त्यांपैकी काहीच मोजलेले नसते. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय धर्मादाय म्हणून एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे, आणि महापालिकांच्या श्वान नसबंदी केंद्रांचा खर्च सार्वजनिक पैशातून चालतो. ही सर्व कामे अत्यंत मोलाची आहेत, पण त्यांचे दर म्हणजे शस्त्रक्रियेची किंमत नव्हे. खासगी दवाखाना काढताना आपण तिथले कौशल्य बरोबर आणतो आणि नकळत तिथला दरही मनात घेऊन येतो.

मॅडमचा स्वतःचा हिशेब असा होता: स्पेला भुलीची औषधे ७०० रुपये, टाक्यांचे धागे ७५० रुपये, हातमोजे, ड्रेप आणि गॉज ३०० रुपये, कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) व सलाईन २५० रुपये, प्रतिजैविक व वेदनाशामक इंजेक्शने ३०० रुपये, असे एकूण २,३०० रुपये खर्च, बिल ६,००० रुपये, म्हणजे ३,७०० रुपये सुटले. महिनाअखेरीस खात्यात मात्र हे सुटलेले पैसे दिसत नसत, आणि दवाखाना रोज गजबजलेला असूनही भुलीच्या जुन्या यंत्राचे व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारा भाग) बदलायला पैसे उरत नाहीत याचे त्यांना कोडे पडले होते.

एका तासाची किंमत

आम्ही सुरुवात दरपत्रकाऐवजी महिन्याच्या खर्चापासून केली. भाडे ४५,००० रुपये, कर्मचाऱ्यांचे पगार ६८,००० रुपये, तरुण डॉक्टरचा पगार ४५,००० रुपये, वीज १४,००० रुपये, यंत्रांची झीज १०,००० रुपये आणि जैववैद्यकीय कचरा, देखभाल करार, फोन, हिशेबनीस वगैरे ८,००० रुपये. ही बेरीज १,९०,००० रुपये झाली, आणि तिच्यात मुख्य डॉक्टरांचा पगार कुठेच नव्हता. "माझा कसला पगार, उरेल ते माझं," हे त्यांचे वाक्य मी अनेक डॉक्टरांकडून ऐकले आहे. ज्या कामासाठी दुसरा अनुभवी शल्यचिकित्सक ठेवला तर त्याला पगार द्यावाच लागेल, ते काम स्वतः केल्याने फुकट होत नाही. म्हणून ८०,००० रुपये त्यांच्या नावे खर्चात घातले आणि एकूण आकडा २,७०,००० रुपयांवर गेला.

यंत्रांच्या झिजेबाबत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्राण्यांच्या आरोग्यसेवेवर पशुवैद्यकीय दवाखान्याला जीएसटी लागत नाही, पण सेवाच करमुक्त असल्यामुळे खरेदीवर भरलेला कर परत वळता करून घेता येत नाही. भुलीचे यंत्र, मॉनिटर, ऑटोक्लेव्ह आणि ओटीचे दिवे घेताना भरलेला कर हा पूर्णपणे खर्चच असतो. यंत्रांची किंमत धरताना करासकट धरावी लागते, आणि ती इथे करासकट ८,४०,००० रुपये धरून सात वर्षांवर विभागली.

पुढचा प्रश्न असा की या खर्चातील ओटीचा वाटा किती. जागेच्या मानाने भाड्याचा तिसरा हिस्सा म्हणजे १५,००० रुपये, वीज निम्मी म्हणजे ७,००० रुपये, यंत्रांची झीज सगळी, किरकोळ ३,००० रुपये, आणि सहायक व मदतनीस यांचा ओटीत जाणारा वेळ पाहून पगारातील २५,००० रुपये, असे ६०,००० रुपये झाले. त्याला तासांनी भागायचे. वेळापत्रकाप्रमाणे ओटी महिन्याला सुमारे ६९ तास उपलब्ध होती, पण दोन आठवडे मोबाइलवर वेळ टिपून पाहिल्यावर तिचा प्रत्यक्ष वापर ५० तासांच्या हिशेबाने होत असल्याचे दिसले. भागाकार वापरलेल्या तासांनीच करायचा, कारण रिकाम्या तासांचे भाडेही त्या ५० तासांतूनच वसूल व्हायचे असते. तासाला १,२०० रुपये आले. त्यात दोन्ही डॉक्टरांच्या वेळेचे ७५० रुपये मिळवून ओटीचा एक तास १,९५० रुपयांना, म्हणजे एक मिनिट साधारण साडेबत्तीस रुपयांना पडतो. उरलेला खर्च तपासणीच्या तासांवर विभागला, तेव्हा तिथला तास सुमारे १,१०० रुपयांचा निघाला.

वेळ टिपण्याचे हे काम कंटाळवाणे असले तरी सगळ्या हिशेबाचा पाया तेच आहे. स्पेला किती वेळ लागतो असे विचारले की डॉक्टर "पाऊण तास" म्हणतात, कारण त्यांना छेद घेण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंतचा वेळ आठवतो. त्याआधी भूलपूर्व इंजेक्शन, केस काढणे, श्वासनलिकेत नळी घालणे आणि पोटाची जागा तीनदा स्वच्छ करणे यात पंचवीस मिनिटे जातात. नंतर कुत्री मान उचलेपर्यंत कोणीतरी शेजारी बसून असते, टेबल पुसले जाते, हत्यारे धुतली जातात. केटामाइन हे भुलीचे औषध शेड्यूल एक्समधील, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीतील, असल्यामुळे त्याची नोंदही त्याच दिवशी करावी लागते. एकूण एकशेपाच मिनिटे भरली.

यावरून स्पेचा खरा हिशेब असा झाला: ओटीचे ३,४१२ रुपये, साहित्याचे २,३०० रुपये, आणि टाके पाहायला व काढायला होणाऱ्या दोन फेऱ्यांचे सुमारे ७३० रुपये. एकूण ६,४५० रुपयांच्या आसपास, आणि घेत होतो ६,००० रुपये. पायोमेट्राला ओटीत १६० मिनिटे लागली म्हणून ५,२०० रुपये, साहित्य ४,२०० रुपये, दोन रात्रींच्या देखरेखीचे २,४०० रुपये, आणि दहा दिवसांतील पाच फेऱ्यांचे सुमारे १,८३० रुपये, म्हणजे १३,६३० रुपये. हातात आले ७,५०० रुपये. बोक्याच्या कॅस्ट्रेशनचा खर्च मात्र सर्व धरून २,२७० रुपये निघाला, त्यामुळे ३,००० रुपयांत ते काम चांगले परवडत होते. दवाखाना तगला होता तो बोक्यांवर आणि लसीकरणावर, आणि सर्वांत अवघड, सर्वांत जोखमीच्या कामात सर्वांत मोठा तोटा होता.

दवाखान्याच्या सीएंचा आक्षेप

हा हिशेब पाहून दवाखान्याच्या सीएंनी घेतलेला आक्षेप योग्य होता आणि त्यावर आमची दोन बैठकांत चर्चा झाली. त्यांचे म्हणणे असे की भाडे आणि पगार शस्त्रक्रिया झाली तरी द्यायचे आणि नाही झाली तरी द्यायचे, मग ६,००० रुपयांच्या स्पेमधून साहित्याचे २,३०० रुपये वजा जाता उरणारे ३,७०० रुपये त्या स्थिर खर्चाला हातभारच लावतात, त्याला तोटा कसे म्हणायचे?

एखाद्या रिकाम्या सकाळपुरते हे बरोबर आहे. पण वर्षभराचा दर याच तर्काने ठरवला तर स्थिर खर्च शेवटी कोणाच्याच बिलात बसत नाही, आणि तो मुख्य डॉक्टरांच्या न घेतलेल्या पगारातून भागतो. शिवाय पायोमेट्रासारखी शस्त्रक्रिया रिकाम्या वेळी येत नाही. त्या संध्याकाळी ओपीडीतले शेवटचे चार रुग्ण उद्या या म्हणून परत पाठवावे लागले होते.

सीएंच्या रीतीचा खरा उपयोग दुसऱ्या प्रश्नाला झाला. दर वाढवला तर किती रुग्ण कमी झालेले चालतील? महिन्याला १४ स्पे ६,००० रुपयांनी केल्या तर साहित्य वजा जाता ५१,८०० रुपये उरतात. दर ८,००० रुपये केला आणि संख्या ११ वर आली, तर ६२,७०० रुपये उरतात. १० वर आली तरी ५७,००० रुपये. ९ वर आली तर ५१,३०० रुपये, म्हणजे जवळजवळ होतो तिथेच. चार स्पे कमी झाल्या तरी दवाखान्याचे नुकसान नाही, आणि सुटलेले सात तास दुसऱ्या शस्त्रक्रियांना मिळतात. "रेट वाढवला की लोक पळतील" ही मॅडमच्या मनातली भीती या चार ओळींनी जेवढी कमी झाली तेवढी माझ्या तासभराच्या बोलण्याने झाली नव्हती.

नवे दर

सर्व दर सरसकट पंचवीस टक्क्यांनी वाढवावेत ही पहिली सूचना बाजूला ठेवली. तसे केले असते तर परवडणारे बोक्याचे काम उगाच महाग झाले असते आणि पायोमेट्रा ११,२५० रुपयांवर जाऊनही तोट्यातच राहिला असता.

त्याऐवजी प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च वरीलप्रमाणे काढून बिलाच्या रकमेवर वीस टक्के नफा राहील असा दर बांधला. इथे एक चूक सर्रास होते. खर्चावर वीस टक्के चढवले की वीस टक्के नफा झाला असे वाटते, पण ६,४५० वर वीस टक्के चढवून येणाऱ्या ७,७४० रुपयांत नफ्याचा वाटा पावणेसतरा टक्क्यांच्या जवळपासच भरतो. वीस टक्के हवे असतील तर खर्चाला ०.८ ने भागायचे. स्पेचा दर ८,००० रुपये आणि पायोमेट्राचा पायाभूत दर १७,००० रुपये असा निघाला. बोक्याचा दर ३,००० रुपयेच ठेवला. कुत्र्यांसाठी दहा किलोंपर्यंत, दहा ते पंचवीस आणि त्यावर असे तीन वजनगट केले, कारण औषधाची मात्रा वजनावर जाते आणि मोठ्या, लठ्ठ, खोल छातीच्या कुत्रीचे अंडाशय वर आणून बांधायला लागणारा वेळ सडपातळ गावठी कुत्रीच्या दुप्पटही असू शकतो.

डॉक्टरांचा पगार खर्चात धरल्यावर वेगळा नफा कशाला, असा प्रश्न तरुण डॉक्टरने विचारला. एखाद्या कुत्रीने गळ्यातला संरक्षक कोन काढून टाके चाटले आणि जखम उघडली तर ती पुन्हा शिवावी लागते, काही बिले बुडतात, पावसाळ्यात आठवडाभर ओटी बंद राहते, आणि आठव्या वर्षी नवे यंत्र आजच्या भावात मिळत नाही. हे सगळे त्या वीस टक्क्यांतून भागायचे असते.

दराइतकाच फरक एका साध्या खरेदीने पडला. दवाखान्यात हत्यारांचे दोनच पॅक होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या की पॅक धुणे, वाळवणे, ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाखाली १२१ अंशांवर निर्जंतुक करणे आणि पुन्हा वाळणे यात दीड तास जाई, आणि तोपर्यंत एक वाजून गेलेला असल्यामुळे तिसरी शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलली जाई. बोक्यांसाठी चार-पाच हत्यारांचे दोन छोटे पॅक घेतल्यावर त्याच सकाळी एक कॅस्ट्रेशन जास्तीचे होऊ लागले. ओटीचा वापर ५० वरून ६० तासांवर गेला की तासाचा खर्च १,९५० वरून १,७५० रुपयांवर येतो, म्हणजे मालकाकडून एक रुपयाही जास्त न घेता प्रत्येक स्पेमागे साडेतीनशे रुपये वाचतात. दर वाढवण्याआधी आपली ओटी नेमकी कशासाठी खोळंबते हे प्रत्येक दवाखान्याने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

स्वस्ताईची झळ कोणाला

या सर्व कामात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हिशेबाच्या वहीत नव्हती, केसपेपरांत होती. जुने केसपेपर चाळताना दिसले की सात वर्षांवरील कुत्र्यांनाही भूल देण्यापूर्वी रक्ततपासणी अनेकदा केलेली नव्हती, काही छोट्या शस्त्रक्रियांत कॅन्युला न लावताच काम उरकले होते, आणि घरी देण्याची वेदनाशामके तीन दिवसांऐवजी एका दिवसाचीच लिहिली होती. यात निष्काळजीपणा नव्हता. "रेटमध्ये बसत नाही," असे तरुण डॉक्टरने खाली मान घालून सांगितले. डॉक्टर स्वतःचा पगार सोडतो आणि तेवढ्यावर भागले नाही की कात्री नकळत प्राण्याच्या वाट्याला लागते. त्याला दुखते हे तो सांगू शकत नाही, म्हणून ही कात्री बराच काळ कोणाच्या लक्षातही येत नाही. नव्या दरात भूलपूर्व तपासणी, कॅन्युला आणि तीन दिवसांची वेदनाशामके यांचा खर्च आधीच धरला आहे, त्यामुळे ती वगळून बिल कमी करण्याचा पर्यायच काउंटरवर उरलेला नाही.

सवलतीचीही रीत बदलली. शस्त्रक्रियांच्या उत्पन्नाचे तीन टक्के, म्हणजे महिन्याला साधारण सहा हजार रुपये, मदत म्हणून वेगळे ठेवायचे ठरले. मदत द्यायची की नाही हे शस्त्रक्रियेपूर्वी मुख्य डॉक्टर ठरवतात, आणि बिलावर पूर्ण रक्कम लिहून तिच्यातून मदत वजा दाखवली जाते. घरी सोडताना होणारी घासाघीस बंद झाली. जी माणसे मागायला संकोचतात त्यांनाही मदत मिळू लागली, कारण आता विचारण्याची जबाबदारी डॉक्टरांवर आली.

रात्रीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न शेवटपर्यंत वादाचा राहिला. सिझेरियनला रात्री दोन वाजता उठून येणाऱ्या सहायकाला वेगळे पैसे द्यायलाच हवेत, यावर एकमत होते, पण "रात्रीचे दुप्पट" हे मॅडमना पटत नव्हते. अखेर दीडपट ही आकारणी फक्त ओटीच्या वेळेवर करायची आणि साहित्य दिवसाच्याच दराने लावायचे, असे ठरले. धागा रात्री महाग होत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले.

नव्या रीतीतला पहिला पायोमेट्रा सात वर्षांच्या पॉमेरेनियनचा आला. मॅडमनी या वेळी चेहरा पाहून आकडा सांगितला नाही. छापील अंदाजपत्रक समोर ठेवले, सोळा ते वीस हजार असे लिहिले, त्यात काय काय येते ते एकेक ओळीवर बोट ठेवून सांगितले, आणि गर्भाशय आत फुटलेले निघाले तर रक्कम वरच्या टोकाला जाईल हेही सांगितले. मालक थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. "मॅडम, आठ आत्ता भरतो, बाकीचे पगार झाल्यावर चालतील का?" अंतिम बिल १७,४०० रुपये झाले, २,४०० रुपये मदत खात्यातून वजा केले, आणि उरलेले सात हजार दोन हप्त्यांत द्यायचे ठरले. बाराव्या दिवशी टाके काढायला आणले तेव्हा पहिला हप्ता काउंटरवर जमा झाला होता आणि कुत्री टेबलावर उभी राहून तरुण डॉक्टरच्या हातातली बिस्किटे मागत होती.